पसरणाऱ्या किडीला चौकोनांच्या जाळीवर आवर कसा घालायचा: सेल्युलर ऑटोमॅटा शिकणाऱ्यांसाठी पायरी पायरीनं

सेल्युलर ऑटोमॅटावर प्रोजेक्ट करणारी पोरं माझ्याकडे येतात ती बहुतेक एकाच ठिकाणी अडकून. पडद्यावर लाल चौकोन झकास पसरत असतात, अहवालाची पानं भरलेली असतात, आणि बाहेरून आलेले परीक्षक सहज विचारतात, "बरं, मग हे आवरायचं कसं?" तिथं गाडी रुतते.

पसरण दाखवणं हे एक काम आणि तिला आवर घालणं हे दुसरं. दुसऱ्या कामाची मांडणी पहिल्या दिवसापासून करावी लागते. मॉडेल पुरं झाल्यावर शेवटच्या पंधरवड्यात ती वरून चिकटवता येत नाही. मी या वाटेनं गेलेलो आहे, म्हणून क्रमानं सांगतो. उदाहरण आपल्याच शिवारातलं घेऊ: कापसावरची गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या हंगामात तिनं काय केलं ते इकडं घरोघरी माहीत आहे, त्यामुळे प्रस्तावनेत वेळ जाणार नाही.

विषयच नवा असेल तर एवढं पुरे: जमिनीचे सारख्या मापाचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाला एक अवस्था द्यायची. पुढच्या टप्प्यात त्याची अवस्था काय होईल हे तो स्वतः आणि त्याचे शेजारी मिळून ठरवतात, आणि नियम सगळ्या चौकोनांना एकच. १९४० च्या दशकात स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी ही कल्पना उभी केली. १९७० मध्ये जॉन कॉनवेच्या 'गेम ऑफ लाइफ'मुळे ती संगणकवेड्यांत पसरली. वणवा, साथ, वाहतूक, कीड, जिथं शेजारच्याचं शेजारच्याला लागतं तिथं ती चपखल बसते.

आधी काय काय जमवायचं

- गावाचा गटनकाशा. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतो.
- कोणत्या गटात कापूस आहे त्याची नोंद. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पीक नोंदवतात. गावपातळीवरची माहिती तलाठी किंवा कृषी सहायकांकडून रीतसर मागा.
- सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं. फुकट मिळतात, १० मीटरपर्यंतचा तपशील दिसतो, दर ५ दिवसांनी नवं चित्र येतं. मात्र ऑगस्टमधल्या चित्रांवर भिस्त ठेवू नका, नुसते ढग दिसतील. ऑक्टोबरची चित्रं कामाची.
- कामगंध सापळ्यांच्या (मादीच्या गंधानं बोंडअळीच्या नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांच्या) नोंदी, तारखेसकट.
- संगणकावर नकाशांसाठी क्यूजीआयएस, आणि पायथन या भाषेसोबत जाळीच्या गणितासाठी नंपाय व चित्रांसाठी मॅटप्लॉटलिब. कोडची भीती वाटत असेल तर नेटलोगो या अशा मॉडेलांसाठीच्या सोप्या प्रणालीवर सुरुवात करा.
- चौकटीची वही आणि शिसपेन्सिल. हे मी गमतीनं लिहीत नाही. पाचव्या पायरीला लागेल.

सातबाऱ्यावरची नावं फाइलमध्ये घेऊ नका. गटांना स्वतःचे अनुक्रमांक द्या आणि जोडयादी वेगळी ठेवा. अमक्याच्या रानात कीड जास्त, हे प्रोजेक्टच्या नकाशावरून गावभर झालं की पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी बांधावर उभं करणार नाही.

१. प्रश्न आधी लिहा, नियम मागून

"गाव बोंडअळीमुक्त करणे" हा प्रश्न होत नाही. प्रश्न असा असतो: गावाच्या पूर्वेकडच्या १०० हेक्टरांत, नोव्हेंबरअखेरपर्यंत, लागलेल्या चौकोनांचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत ठेवायचं आहे, आणि आठवड्याला फक्त ६ हेक्टरांवर काम करण्याएवढी माणसं आहेत. यात पाच गोष्टी आल्या: जागा, अवस्था, मुदत, हातात असलेले उपाय आणि त्यांची मर्यादा. एकही गाळली तर पुढचं सगळं हवेत.

सगळी जाळी ताब्यात ठेवण्याऐवजी तिचा ठरावीक भाग ठरावीक वेळी हव्या त्या अवस्थेत आणायचा, या प्रश्नाला रिजनल कंट्रोलेबिलिटी म्हणतात. समीरा एल याकुबी आणि फ्रांको बान्योली यांनी सेल्युलर ऑटोमॅटाच्या बाबतीत त्यावर काम केलेलं आहे. भागाच्या आत हात न घालता त्याच्या कडेवरून काय साधतं, हा त्यातला मुख्य विचार.

आता उपाय. 'नियंत्रण' अशी एकच कळ मॉडेलमध्ये नसते, हे नवख्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. प्रत्येक उपाय मॉडेलमध्ये वेगळ्या ठिकाणी लागू पडतो.

फरदड (हंगाम संपल्यावरही पुढच्या वेचणीसाठी राखलेला कापूस) न ठेवणं आणि हंगाम संपताच पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, काढून रान मोकळं करणं, हे सुरुवातीची अवस्था बदलतं. अळी सुप्तावस्थेत महिनोन्‌महिने तग धरते, म्हणून मध्ये पडणारा खंडही लांब हवा. जानेवारीत काढलेल्या पऱ्हाटीचा ढीग बांधावरच रचून ठेवला तर मॉडेलमध्ये तो चौकोन शून्य करायचा नाही, तो लागलेलाच धरायचा. जिनिंगच्या आवारात साठलेल्या सरकीचंही तेच.

पेरणीची तारीख हा वेळेचा उपाय. मेमध्ये पाण्यावर लावलेल्या कापसाला लवकर पात्या-फुलं येतात आणि जमिनीतून निघालेल्या पहिल्या पतंगांना आयता आसरा मिळतो. पाऊस पडल्यावर जूनमध्ये पेरलं तर त्यातले बरेच पतंग खायला काही न मिळता संपतात. फवारणी त्या चौकोनाला थोड्या आठवड्यांपुरती राखते, नंतर तो पुन्हा उघडा पडतो. पीबी नॉटसारखा मिलनात अडथळा आणणारा उपाय पसरण्याची शक्यताच कमी करतो, पण एकट्या छोट्या रानात त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण मिलन झालेल्या माद्या शेजारून येतात. म्हणजे या उपायाचा परिणामही शेजाऱ्यावर अवलंबून, आणि नियम लिहिताना तो तसाच लिहावा लागतो. कामगंध सापळ्याबद्दल पुढं सांगतो.

एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, बसलेल्या मामांनी मला म्हटलं होतं, "मी मारतो औषध, पर बांधाच्या पल्याड फरदड उभीय, तिला कोन इचारतं?" प्रश्न लिहिताना हे वाक्य वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. प्रयोगशाळेत बसलं की बांधाच्या पल्याडचं रान हमखास विसरतं.

२. चौकोन केवढा, टप्पा केवढा

मी १०० मीटर बाय १०० मीटरचा, म्हणजे एक हेक्टरचा चौकोन सुचवतो. निरीक्षणासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळ्यांची शिफारस असते, त्यामुळे प्रत्येक चौकोनाला मोजता येईल असा आकडा मिळतो. ९०० हेक्टरांचं गाव असेल तर ३० बाय ३० ची जाळी होते, लॅपटॉपला काहीच जड नाही. एकरात विचार करायचा तर बाजू साधारण ६३ ते ६४ मीटर येते. चालतं, पण सापळे प्रत्येक चौकोनाला दोनच येतात आणि आकडे फार उड्या मारतात.

टप्पा आठवड्याचा घ्या. एक पिढी साधारण महिनाभरात पुरी होते, म्हणजे पिढीत चार टप्पे आले. इथं एक बंधन पाळायचं: एका टप्प्यात लागण जितकी पुढं सरकते ती तुमच्या शेजाराच्या पल्ल्यात मावली पाहिजे. नाही मावली तर टप्पा छोटा करा, चौकोन मोठा करा किंवा शेजार रुंद करा. चौकोन १० मीटरचा, टप्पा महिन्याचा आणि शेजारी आठच, असं मॉडेल नकाशावर देखणं दिसतं आणि पतंगाला गोगलगाय करून टाकतं.

याच पायरीवर ठरवा की सेल्युलर ऑटोमॅटा या प्रश्नाला बसतो का. जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा घेऊन त्यातल्या पाण्याची पाळी या पद्धतीनं सोडवायला जाऊ नका. दार उघडल्यावर कालव्यात लाट कशी जाते याची समीकरणं तयार आहेत, ती वापरा. २०२२ मध्ये जनावरांत लंपी पसरला तेव्हा बाजार बंद ठेवावे लागले, कारण टेम्पोत चढलेलं जनावर एका दिवसात तीन तालुके ओलांडतं. तिथं शेजारच्या चौकोनापेक्षा बाजाराचं जाळं महत्त्वाचं. बोंडअळीतही थोडं तसं आहेच: सरकी आणि कापसाच्या गाड्या. जिनिंग असलेल्या चौकोनापासून दूरवर उडी मारणारी एक छोटी शक्यता वेगळी ठेवा.

३. शेजारी चार की आठ

फक्त बाजूचे चार शेजारी धरले तर त्याला फॉन नॉयमन शेजार म्हणतात, कोपऱ्यावरचे धरून आठ घेतले तर मूर शेजार. पतंग बांध बघून उडत नाही, म्हणून इथं आठ घ्या.

पण आठ घेतले की अडवणीची रेघ कशी ओढायची हेही बदलतं. कोपऱ्याला कोपरा लावून तिरपी रेघ ओढली तर आठ शेजाऱ्यांच्या जाळीत लागण त्या कोपऱ्यातून सरळ पलीकडं जाते. चार शेजाऱ्यांच्या जाळीत तीच रेघ पक्की असते. पांदण किंवा ओढा तिरपा जात असेल तर चौकोनांत बसवताना तो असा कोपऱ्या-कोपऱ्यानं उतरतो, आणि "ओढा असूनही कीड पलीकडं कशी गेली" म्हणून माणूस डोकं धरून बसतो. तिथं रेघ दुहेरी करा.

किती कापूस मध्येमध्ये वगळला तर साखळी तुटते? मोठ्या जाळीत, लागण खात्रीची धरली आणि कापसाचे चौकोन कसेही विखुरलेले असले, तर कापसाच्या चौकोनांचं प्रमाण एका उंबरठ्याखाली गेलं की ती तुटते; आठ शेजाऱ्यांसाठी हा उंबरठा सुमारे ४०.७ टक्के आहे आणि चारांसाठी सुमारे ५९.३ टक्के. म्हणजे आठ शेजाऱ्यांत, जिथं जमेल तिथं कापूस सोडून दुसरं पीक घ्या असं मोघम सांगून साखळी तोडायची तर जवळजवळ ६० टक्के चौकोन मोकळे करावे लागतील. तेच ३० बाय ३० च्या जाळीत आडवी सरळ रेघ ओढायला ३० चौकोन पुरतात, ९०० पैकी ३.३ टक्के. खऱ्या शिवारात एक चौकोनाची रेघ पतंगाला पुरत नाही, दोन-तीन धरा. तरीही तफावत केवढी आहे बघा. सोयाबीनची रानं सलग पट्ट्यात आली तर काय होईल, हा प्रश्न गावाला विचारण्यासारखा आहे तो यामुळं.

४. नियम

अवस्था चार: ० म्हणजे कापूस नाही, १ निरोगी, २ लागलेला, ३ राखलेला. पाचवी एक लपलेली अवस्था पुढं घालता येईल, अंडी पडलीत पण नुकसान दिसत नाही अशी. आधी चारांवर चालवा.

एका लागलेल्या शेजाऱ्याकडून आठवड्यात लागण होण्याची शक्यता 'प' असेल आणि असे शेजारी 'क' असतील, तर निरोगी चौकोनाला लागण होण्याची एकूण शक्यता १ − (१ − प)^क. प = ०.१ धरलं तर एका शेजाऱ्याला १० टक्के, तिघांना २७ टक्के, आठांना ५७ टक्के. नवखे सरळ गुणाकार करतात, प गुणिले क. त्यानं आठ शेजाऱ्यांना ८० टक्के येतात, आणि प = ०.२ केलं की १६० टक्के. संगणक कुरकुर न करता ते चालवून घेतो, म्हणून चूक दिसतही नाही.

राखलेला चौकोन दोन टप्प्यांनी परत १ होतो असं धरा. किती टप्पे हे उपायावर ठरवा, सोयीवर नको.

५. आवर घालता येतो का, ते कागदावर बघा

आता चौकटीची वही काढा. एका ओळीत तीनच चौकोन. नियम असा: दोन्ही शेजाऱ्यांपैकी नेमका एकच १ असेल तर पुढच्या टप्प्यात आपण १, नाहीतर ०. स्टीफन वोल्फ्रामच्या २५६ प्राथमिक नियमांतला हा ९० क्रमांकाचा. उजव्या टोकाच्या बाहेर कायम ०. डाव्या टोकाच्या बाहेरचा चौकोन आपल्या हातात, त्यात दर टप्प्याला ० किंवा १ आपण भरायचा.

सुरुवात ०००, हवंय १११. हातातल्या चौकोनात क्रमानं १, १, ० भरा. पहिल्या टप्प्यानंतर १००, दुसऱ्यानंतर ११०, तिसऱ्यानंतर १११. स्वतः करून बघा, दोन मिनिटांचं काम. असंच तीन टप्प्यांत आठपैकी कोणतीही अवस्था गाठता येते.

आता हात कडेवरून काढून मधल्या चौकोनावर ठेवा. दोन्ही टोकांबाहेर ०, आणि मधल्या चौकोनाच्या येणाऱ्या अवस्थेला आपण हवं तेव्हा उलटवू शकतो. पहिल्याचा आतला शेजारी मधला, तिसऱ्याचाही मधलाच. त्यामुळे पहिल्या टप्प्यानंतर हे दोघे कायम सारखेच राहतात. १०० गाठायचं म्हटलं तर जन्मभर जमणार नाही. मध्ये बसलेला माणूस सगळ्यांच्या जवळ असतो, तरी कडेवरच्यापेक्षा त्याच्या हातात कमी आहे.

अशा रेषीय नियमांसाठी तयार कसोटी आहे. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० च्या सुमारास मांडलेली मॅट्रिक्सची अट ० आणि १ च्या अंकगणितात तशीच लागू पडते. बोंडअळीचा नियम रेषीय नाही आणि त्यात नशीबही आहे, त्यामुळे ती कसोटी इथं थेट चालत नाही. मग हे का करायचं? कारण मोठ्या जाळीवर उपाय फसला तर दोष उपायाचा, जागेचा की कोडचा हे कळत नाही. पाच बाय पाचच्या जाळीवर सगळे पर्याय संगणकाकडून तपासून घ्या, कोणत्या जागेवरून काय गाठता येतं आणि काय येत नाही ते लिहून ठेवा, मग ३० बाय ३० ला हात घाला.

६. उशिराची किंमत

पुन्हा आठ शेजारी, आणि वाईटात वाईट म्हणून लागण खात्रीची. जाळीच्या मध्यावर एक चौकोन लागला. दर आठवड्याला लागलेले चौकोन: १, ९, २५, ४९. त्याला एकाच आठवड्यात वेढा घालायचा तर लागणारे चौकोन: ८, १६, २४, ३२. आपली ताकद ६ ची. म्हणजे मध्यावरच्या लागणीला आपण पहिल्या दिवशी गाठलं तरी एका दमात वेढा पडत नाही.

तीच लागण कोपऱ्यात सुरू झाली तर वेढ्याला ३, ५, ७, ९ लागतात. पहिल्या आठवड्यानंतर कळलं तरी ५ मध्ये भागतं, दुसऱ्यानंतर ७ लागतात आणि हातातून जातं. कडेच्या मधोमध सुरू झाली तर ५, ९, १३. फक्त पहिल्या दिवशीच सापडली तर उपयोग.

इथं सावध राहा. कोपरा म्हणजे नकाशाचा कोपरा नव्हे. तुमच्या गावाची शीव संपली तिथं कापूस संपत नाही, पुढच्या गावाचा कापूस सुरू होतो. खरी कड म्हणजे नदी, गायरान, सोयाबीनचा रुंद पट्टा, वस्ती. नकाशाभोवती तीन-चार चौकोनांची जादा पट्टी घ्या आणि तिच्यात शेजारच्या गावचं पीक भरा. कुणाकुणाला हा उद्योग कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त फरक याच पट्टीनं पडतो.

वेढा एकाच आठवड्यात पुरा व्हायला हवा असं मात्र नाही. १९९५ मध्ये बर्ट हार्टनेल यांनी एक कोडं मांडलं, फायरफायटर प्रॉब्लेम नावानं ते ओळखलं जातं. आग दर टप्प्याला पसरते, तुम्ही दर टप्प्याला ठरावीक जागा राखू शकता, आग कोंडता येईल का? चार शेजाऱ्यांच्या अमर्याद जाळीत टप्प्याला एकच जागा राखता आली तर आग कधीच कोंडली जात नाही. दोन राखता आल्या तर ती आठ टप्प्यांत कोंडता येते आणि १८ जागा जळतात, याहून कमी जळणं शक्य नाही हे सिद्ध झालेलं आहे. यातली युक्ती आगीला चिकटून न राखता तिच्या पुढं जाऊन भिंत बांधत जाण्याची आहे. शिवारात मात्र सगळे लागलेल्या रानाकडंच धावतात. आठ शेजारी धरले की हिशोब वेगळा येतो, तो वहीवर स्वतः करून बघा.

७. कोडमध्ये नेमकं कुठं फसतं

जुनी जाळी आणि नवी जाळी वेगळी ठेवा. एकाच जाळीत वाचत वाचत बदल केले तर वरून खाली, डावीकडून उजवीकडं वाचताना लागण एकाच टप्प्यात उजव्या कडेपर्यंत आणि तळापर्यंत धावते. ओळखायची खूण: सगळे निरोगी, मध्ये एक लागलेला, प = १. एका टप्प्यानंतर नेमके ९ लागलेले दिसले पाहिजेत. एक्सेलवर करत असाल तर प्रत्येक आठवड्याला वेगळं पान.

कडा तपासा. नंपायचं रोल फंक्शन वापरलं तर पूर्वेकडून बाहेर गेलेली लागण पश्चिमेकडून आत येते. नेटलोगोचं जगही मुळात असंच गुंडाळलेलं येतं, सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. सायपाय या पायथनच्याच दुसऱ्या संचातल्या एनडीइमेज विभागातलं कॉन्व्हॉल्व्ह फंक्शन काही न सांगता कडेवर आरशासारखं प्रतिबिंब धरतं. तिथं शून्य भरायला स्पष्ट सांगा. कोपऱ्यात एक लागलेला ठेवून प = १ नं चालवा: ४ आले तर बरोबर, ९ आले तर जाळी गुंडाळलेली आहे.

रँडम सीड, म्हणजे संगणक नशिबाचे आकडे ज्या आकड्यापासून काढायला लागतो तो, लिहून ठेवा. तुमच्या दोन डावपेचांची तुलना त्याच त्या सीडवर झाली पाहिजे, नाहीतर नशिबाचा फरक तुम्ही उपायाच्या नावावर जमा कराल.

८. डावपेच निवडणं

९०० चौकोनांतून ६ निवडायचे पर्याय ७०० लाख कोटींच्या वर जातात, आणि हे एकाच आठवड्याचं झालं. सगळे तपासून बघू असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा.

सोपा आणि बहुधा पुरेसा मार्ग असा. आधी एक चौकोन निवडा, जो राखल्यानं मुदतीअखेर लक्ष्य भागातली लागण सर्वांत कमी होते. तो पक्का करून दुसरा, मग तिसरा, असे सहा. प्रत्येक उमेदवारासाठी किमान शंभरेक सीडवर चालवून बघा. उमेदवार सगळे ९०० घेऊ नका. लागलेल्या घोळक्यापासून एक ते चार चौकोनांवरचे आणि लक्ष्य भागाच्या कडेवरचे पुरेत.

या डावपेचाशेजारी तीन साधे डावपेच नेहमी ठेवा: काहीच न करणं, कसेही सहा निवडणं, आणि लागलेल्यांच्या लगतचे सहा निवडणं. तुमची हुशार पद्धत तिसऱ्यापेक्षा सरस नसेल तर गावाला तिसरीच सांगा, समजायला सोपी आहे. सरासरीसोबत वाईटातले दहा टक्के निकालही छापा. शेतकऱ्याला सरासरी वर्ष नसतं.

९. सापळा हा डोळा आहे

आतापर्यंत आपण गृहीत धरलं की कोणता चौकोन लागलाय हे दिसतं. तसं दिसत नसतं. कामगंध सापळ्यात फक्त नर पतंग येतात, आणि पतंग आला म्हणजे बोंडात अळी आहेच असं नाही.

सापळा सकाळी बघायला जा. प्लास्टिकच्या पिशवीच्या तळाला करडे-तपकिरी पतंग पडलेले असतात, काही अजून फडफडत असतात. रात्री पाऊस झाला असेल तर ते एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा होतो आणि मोजणीऐवजी अंदाज लिहिला जातो. अशा नोंदीपुढं खूण करायला सांगा. मोजल्यावर पिशवी रिकामी केली नाही तर तेच पतंग दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले जातात, आणि तुमच्या आलेखात उद्रेक उगवतो. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, पाकिटावरच्या मुदतीत बदलली नसेल तर उलटं होतं, आकडा शून्याकडं जातो आणि सगळे खूश.

सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात रोज ८ पतंग ही आर्थिक नुकसान पातळी मानतात. जोडीला २० हिरवी बोंडं फोडून बघायची, २ मध्ये अळी निघाली तर १० टक्के झालं. मॉडेलमध्ये चौकोनाला २ ही अवस्था देताना दोन्ही आकडे वापरा, आणि दोघांत मेळ नसेल तर बोंडांवर विश्वास ठेवा.

आवर घालण्याची रीत मग अशी होते: आज जे दिसतंय त्यावरून पुढच्या चार आठवड्यांची योजना करा, तिच्यातला फक्त पहिला आठवडा अमलात आणा, पुन्हा मोजा, पुन्हा चार आठवड्यांची योजना करा. कंट्रोल इंजिनिअरिंगमध्ये हिला मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल म्हणतात. हंगामाच्या सुरुवातीला एकदा योजना करून ती नोव्हेंबरपर्यंत रेटणं, हे नशिबावर सोडण्याच्या जवळपास जातं.

'प'ची किंमत एका हंगामाच्या नोंदींवरून ठरवा आणि दुसऱ्या हंगामावर तपासा. शेवटचा एकूण आकडा जुळला एवढ्यावर समाधान मानू नका. पहिली लागण कोणत्या बाजूला दिसली आणि कोणत्या दिशेनं सरकली, हे जुळतं का ते बघा. हंगामातल्या पाऊस-वाऱ्याची माहिती लागलीच तर महावेध या हवामान केंद्रांच्या जाळ्याच्या मंडळनिहाय नोंदी आहेत.

१०. गावात नेताना

रंगीत नकाशा परीक्षकांसाठी ठेवा. गावात ए-फोर कागदावर यादी न्या: आठवडा, चौकोनाचा अनुक्रमांक, जागेची ओळख पटेल अशी खूण (पांदणीच्या डाव्या हाताचं, पाझर तलावाखालचं), आणि काम. उपायाचं औषध, मात्रा, वेळ तुम्ही ठरवू नका. ते परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतून किंवा कृषी सहायकांकडून घ्या.

एक अडचण येणारच. ज्याचं रान निरोगी आहे त्यालाच तुम्ही सांगणार की आधी तुझ्याकडं काम करू, कारण भिंत तिथं पडतेय. "माह्या रानात काहीच न्हाई, मी कशाला खर्च करू?" असं तो म्हणणार, आणि त्याचं चूक नाही. हा खर्च गटानं वाटून घ्यायचा की कसं, हे यादी छापायच्या आधी बैठकीत ठरलेलं असू द्या. नाही ठरलं तर तो चौकोन 'राखता न येणारा' म्हणून मॉडेलमध्ये नोंदवा आणि आठवी पायरी पुन्हा चालवा. यादी बदलेल, बहुधा थोडी लांबेल.

आणि दर आठवड्याच्या सहा चौकोनांखाली दोन पर्यायी चौकोन लिहून ठेवा. मजूर मिळत नाहीत, नेमका पाऊस लागतो, कुणाच्या तरी घरी लग्न असतं.